गावकरांचं ८०८५ आणि प्रिंट केलं की पळणारा बग

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ‘गावकर’ म्हटलं की माणूस नाही, पुस्तक आठवतं. रमेश गावकर अमेरिकेत ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे. ८०८५ वरचं त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं. एमएस्सीला मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. परवा शिवऱ्याला घरी पुन्हा उघडलं, कारण माझा सेन्सर बोर्ड मधूनच भलतेच आकडे देत होता. तपासायला प्रोग्राममध्ये प्रिंटची ओळ टाकली, तर चूक गायब! ओळ काढली की पुन्हा हजर.

कारण साधं आहे. ९६०० बॉडला एक अक्षर पाठवायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. वीस अक्षरं म्हणजे वीस मिलिसेकंद उशीर. मी तपासत होतो तो प्रोग्रामच वेगळा होता.

गावकर इथे कामाला येतात. त्यांची युक्ती बघा: एसटीए आणि जेएमपी, दोनच सूचनांचा लूप. मशीन सायकल ४ आणि ३, एकूण ७, टी-स्टेट २३. या सातांत राइट सिग्नल एकदाच येतो. त्यावर ऑसिलोस्कोप ट्रिगर केला की धावत्या बसचं चित्र स्थिर दिसतं. प्रोसेसर थांबवावा लागत नाही. साध्या स्कोपमधून एवढं काढून घेणारं लेखन आजही कमी सापडतं.

पण तक्रारही आहे. हा लूप कायमच्या दोषाला पकडतो: तुटलेली वायर, चुकलेलं डिकोडिंग. तासातून एकदा येणारी चूक त्यात सापडणार नाही. तिथे लॉजिक अॅनालायझर हवा, कारण तो ट्रिगरच्या आधीचं रेकॉर्डिंगही ठेवतो. पुस्तकात तो आणि इन-सर्किट एम्युलेटर येतात पार शेवटाकडे, ओळखीपुरते. कुठल्या चुकीला कुठलं साधन, हे आपलं आपणच शिकायचं.

मी शेवटी प्रिंटऐवजी एक रिकामी पिन वर-खाली केली आणि अॅनालायझर लावला. दोन बाइटचा आकडा वाचताना मध्येच इंटरप्ट येत होता. अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. प्रिंटच्या उशिरामुळे ती वेळ टळायची.

माझे तीन आठवड्यांचे आकडे मात्र बाद झाले. पीएचडीला येताय ना? मग मोजमाप सुरू करण्याआधी एवढं तपासा: तुमचं साधन लावल्यावर आणि काढल्यावर उत्तर तेच येतं का?