धूळ खाल्लेल्या तबकड्या, लांबची गिऱ्हाइकं

गेल्या पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक नवंच कपाट उभं राहिलं आहे: १९७० च्या आसपासच्या आफ्रिकी नाचगाण्यांचं. २००१ मध्ये स्ट्रट कंपनीचं ‘नायजेरिया ७०’ आलं, पाठोपाठ २००२ मध्ये साउंडवेचं ‘घाना साउंड्झ’. मग जर्मनीतलं ॲनालॉग आफ्रिका, अमेरिकेतलं नाऊ-अगेन, न्यूयॉर्कचं ओस्टिनाटो अशी रांगच लागली. वेष्टनावर बहुतेकदा ‘हरवलेलं’ हे विशेषण असतं. कोटोनू किंवा लागोसमध्ये त्या काळात तरुण असलेल्यांना मात्र यातली कितीतरी गाणी तोंडपाठ आहेत.

तबकड्या गेल्या हे मात्र खरं, आणि त्याची कारणं अगदी रोकडी आहेत. छोट्या कंपन्या मोजक्याच प्रती काढत. १९८० च्या दशकात चोरट्या कॅसेटांनी त्यांचा धंदा बसवला. झांबियात तांब्याचे भाव कोसळले आणि ‘विच’सारखे रॉक बँड पोटापाण्याला लागले; त्यांचा गायक जगारी चांडा पुढे रत्नांच्या खाणीत उतरला. इथिओपियात १९७४ मध्ये सम्राट गेला, लष्करी राजवट आली आणि संचारबंदीनं अदिस अबाबाची रात्रच काढून घेतली. क्लबच बंद, तर वाजवायचं कुणासाठी?

या सगळ्या ढिगातून एकच वाद्यवृंद निवडायचा तर मी बेनिनचा ‘ऑर्केस्त्र पोली-रिद्मो दे कोटोनू’ निवडीन. मेलोमे क्लेमाँ यांनी तो १९६८ मध्ये उभा केला. ॲनालॉग आफ्रिकाच्या सामी बेन रेजेबनं कोटोनूच्या गोदामांतून त्यांच्या तबकड्या जमवल्या आणि २००८ मध्ये ‘आफ्रिकन स्क्रीम कॉन्टेस्ट’ व ‘द वोदून इफेक्ट’ हे संग्रह काढले. दुसऱ्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं स्टुडिओतली नाहीत. कुणाच्या तरी घरात नाग्रा टेपरेकॉर्डर ठेवायचा, एक-दोन माइक लावायचे आणि सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. त्यामुळे गायकाच्या आवाजात ढोल झिरपतो, गिटार कधी पुढे येते, कधी भिंतीपलीकडे जाते. साफसूफ केलेल्या ध्वनिमुद्रणात ही धग आली नसती. खरी गंमत तालात आहे. सातो हा मृतांच्या स्मरणविधीतला ताल, पुरुषभर उंचीच्या ढोलावरचा. साकपाता हा देवीरोगाच्या दैवताचा. रोग देणारं आणि राखणारं दैवत एकच, ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगायला नको. हे ताल ड्रमसेटवर, गिटारीवर, ऑर्गनवर वाटून घेतले की जे तयार होतं त्याला फंक म्हणणं सोयीचं आहे, पण अपुरं. पाय टाकायला जावं तर सम अपेक्षेपेक्षा जरा अलीकडे निघून गेलेली असते.

माझा या लाटेवरचा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. जे जेम्स ब्राउनसारखं वाटतं ते आधी उचललं गेलं. पोली-रिद्मो रात्रभराच्या कार्यक्रमात काँगोचा रुंबा, क्यूबाची चाल, हायलाइफ सगळं वाजवत. संग्रहांत किंकाळ्या आणि वा-वा गिटार यांना झुकतं माप. नायजेरियात जुजू आणि फुजी ही घराघरांतली गाणी, पण डीजेच्या कामाची नसल्यानं कपाटात त्यांना कोपराच मिळाला. बाहेरच्या नाचघराची गरज ही चाळणी झाली. शिवाय ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. जेम्स ब्राउन १९७० मध्ये नायजेरियात आला तेव्हा त्याच्या वादकांनी फेला कुटीचा बँड ऐकला, आणि त्यातल्या टोनी ॲलनचं ड्रमवादन ऐकल्यावर कोण कुणाकडून शिकलं याचा हिशेब सरळ राहत नाही.

दुसरा आक्षेप गूढ विकण्याला. विल्यम ओन्येबोरचा संग्रह लुआका बॉप कंपनीनं २०१३ मध्ये काढला आणि नावच ठेवलं ‘हू इज विल्यम ओन्येबोर?’. सिंथेसायझरचे ते लांबलचक, हसरे, हट्टी तुकडे अफलातून आहेत, वादच नाही. पण नायजेरियातल्या एनुगूत हा माणूस पिठाच्या गिरणीचा मालक आणि प्रतिष्ठित उद्योजक म्हणून ठाऊक होता. धर्माकडे वळल्यावर त्याला जुन्या गाण्यांवर बोलायचं नव्हतं, इतकंच. यात रहस्यकथा कसली? आपल्यालाही हा अनुभव आहे: कल्याणजी-आनंदजींचं पार्श्वसंगीत ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावानं अमेरिकेत निघालं तेव्हा त्यावर नवे ड्रम चढवले गेले आणि तुकड्यांना चेष्टेची इंग्रजी नावं चिकटली.

याच्या उलट टोकाला फ्रान्सिस फाल्सेतोची इथिओपियाच्या संगीताची ‘एथिओपिक’ मालिका. १९९० च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या या मालिकेत आम्हा एशेतेच्या कंपनीच्या तबकड्या आहेत, मुलातू अस्तातके आणि महमूद अहमद आहेत, पण एमाहोय त्सेगे-मरियम या जोगिणीचा एकटा पियानोही आहे, ज्यावर कुणी नाचणार नाही. तिझिता या स्वरसमूहाच्या एका रूपाचे स्वर आपल्या भूपाचेच. मात्र चलन इतकं वेगळं की पहिल्या मिनिटानंतर भूप आठवतही नाही. तिथलाच हैलू मेर्गिया १९८० च्या दशकात अमेरिकेत राहिला आणि वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवू लागला. गिऱ्हाइकाची वाट पाहताना डिकीतला कीबोर्ड काढून रियाज करायचा. अकॉर्डियन, मूग, ऱ्होड्स पियानो आणि ड्रम मशीन असं सगळं एकट्यानं वाजवलेली त्याची १९८५ ची कॅसेट २०१३ मध्ये ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’नं काढली, नफा निम्मा-निम्मा या बोलीवर. मेर्गिया पुन्हा मंचावर आला, २०१८ मध्ये नवा अल्बमही केला. पुनर्प्रकाशनाचं समर्थन करायचं तर ते अशा उदाहरणावर.

पूर्व आफ्रिकेत आपलाही हात आहे. झांझिबारची तारब गायिका सिती बिंती साद १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मुंबईला आली होती. केनियात केरिचोच्या, भारतीय वंशाच्या चंदाराणांच्या दुकानानं तिथल्या बेंगा संगीताच्या कितीतरी तबकड्या काढल्या. सोमाली गाण्यांवर तर हिंदी चित्रपटसंगीताची सावली कानाला लगेच जाणवते. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या विमानांनी हर्गेसा शहरावर बाँब टाकले, त्या सुमारास रेडिओच्या लोकांनी टेप जमिनीत पुरून आणि शेजारच्या देशांत पाठवून वाचवल्या. त्या ठेव्यातून निवडलेलं ‘स्वीट ॲज ब्रोकन डेट्स’ २०१७ मध्ये आलं आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं. ते काढणाऱ्या ओस्टिनाटोचा संस्थापक भारतीय वंशाचा आहे, नाव विक सोहोनी. आडनावाशी मराठी वाचक क्षणभर थांबेलच.

या संग्रहाबरोबरचं लेखन मला गाण्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात गायिका, कवी आणि सरकारी नाट्यमंडळ्या नावानिशी येतात. निव्वळ ‘दुर्मिळ’ म्हणून तबकडी खपवण्याचे दिवस तसेही संपत आले. गोदामं उपसून झाली आहेत. उरलाय तो सरकारी रेडिओंचा साठा. गिनीत ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं ग्रेम काउन्सेल यांनी तिथल्या रेडिओची ९,४१० गाणी डिजिटल केली, ती कुणालाही फुकट ऐकायला खुली केली, आणि त्यांत फंक शोधणाऱ्याला निराशाच जास्त येईल. जिबूतीत ओस्टिनाटोनं जुन्या टेपांवर न थांबता रेडिओच्याच वाद्यवृंदाला, ‘ग्रुप आरटीडी’ला, नव्यानं ध्वनिमुद्रित केलं, तो अल्बम २०२० मध्ये निघाला. दिवसा सरकारी समारंभात वाजवणारे हे लोक त्यात असे सुटलेत की जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी थोडं मनाला लावून घ्यायला हरकत नाही.