संख्यावाचक शब्द : सोय आणि समज

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानामे आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद माजला. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका समजण्याजोगी होती. मराठीत ‘बावीस’ म्हणताना दोन आधी उच्चारायचे आणि लिहिताना वीस आधी मांडायचे; शिवाय ‘त्र्याहत्तर’, ‘अठ्ठ्याण्णव’ यांसारखी जोडाक्षरे. लहान मुले गोंधळतात, हे खरेच आहे. शेजारच्या कानडीत दशक आधी येतो, हेही खरे.

तरीही या वादात एक गोष्ट चर्चेबाहेर राहिली. बावीसचे ‘वीस दोन’ झाले म्हणून हळहळणारे आपण मोबाईलचा क्रमांक मात्र ‘नाइन एट डबल टू’ असाच सांगतो. घरात मराठी जपल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मुळगाव-डिचोलीच्या जुन्या कुटुंबांतही नातवंडाला ‘एकोणसत्तर’ म्हटले की ‘म्हणजे किती?’ असा प्रश्न येतो. पाठ्यपुस्तकाने पर्याय दिला. आपण तर मूळ शब्दच सोडून दिला.

इंग्रजी अंक सोपे, हा समजही तपासून पाहावा. तेथे ‘थर्टीन’पासून ‘नाइन्टीन’पर्यंत एकक आधी येतो आणि ‘ट्वेंटी वन’पासून क्रम उलटतो. ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ यांचा मूळ अर्थ ‘दहा काढून उरला एक’ आणि ‘उरले दोन’ असा आहे. आपला ‘एकोणीस’ म्हणजे ‘एकाने उणे वीस’. लॅटिनमध्येही एकोणीससाठी नेमकी हीच रचना होती. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो. वाकडी वळणे सगळ्याच भाषांत आहेत आणि मुले ती पाठांतराने व वापराने ओलांडतात. वापर थांबला की सोपा शब्दही अवघड होतो.

मराठीची खरी श्रीमंती अपूर्णांकांत आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे हे शब्द आपण शेकड्याला, हजाराला, लाखालाही जोडतो. ‘पावणेदोनशे’ हा एक शब्द. इंग्रजीत त्यासाठी ‘वन हंड्रेड सेव्हंटी फाइव्ह’ अशी रांग लावावी लागते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे म्हणणाऱ्या पिढीला बाजाराचा हिशेब तोंडी येई. ‘दीड शहाणा’, ‘सतराशे साठ विघ्ने’, ‘अठराविश्वे दारिद्र्य’ या प्रयोगांत संख्या मोजणीपलीकडचे बोलते. ‘छत्तीसचा आकडा’ तर देवनागरी ३६ डोळ्यांपुढे आणल्याशिवाय उमगतच नाही, कारण एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले ३ आणि ६ हेच त्याचे मर्म. केळबाई-लईराईच्या कथेतल्या ‘सात बहिणी’ही मोजण्यासाठी नाहीत, त्या गावागावांचे नाते सांगतात.

हे केवळ सौंदर्याचे दुःख नाही. मोठ्या संख्यांत समजच पणाला लागते. ‘बिलियन’ हा शब्द घ्या. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये ‘बिलियन म्हणजे शंभर कोटी’ हा अर्थ आपल्या सरकारी व्यवहारात स्वीकारला. त्यापूर्वी तेथे तो एक लाख कोटी होता. पोर्तुगीज भाषेतला तोच शब्द पोर्तुगालमध्ये आजही लाख कोटीच सांगतो. म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा आणि इंग्रजी शाळेत शिकलेला नातू यांच्या समजुतीत सरळ हजारपटीचे अंतर! ‘अब्ज’ म्हटले असते तर दोघांनाही एकच संख्या कळली असती.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न आणखी जवळचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये गोव्यातील लोहखनिज उत्खननावर वर्षाला वीस ‘मिलियन’ टनांची मर्यादा घातली. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून कोणतेच चित्र उभे राहत नाही. ‘दोन कोटी टन’ म्हटले, आणि दहा टनांचा एक ट्रक धरून वीस लाख खेपा असा हिशेब मांडला, की रस्ता, धूळ आणि शेत डोळ्यांपुढे येते. २०२२ च्या डिसेंबरात लिलाव झालेल्या डिचोलीच्या खनिजपट्ट्यात मुळगावचा समावेश आहे. अशा वेळी कागदावरची संख्या ज्याला स्वतःच्या भाषेत तोलता येत नाही, तो तिच्याविषयी प्रश्न तरी काय विचारणार?

म्हणून आग्रह धरायचा तो दोनच गोष्टींचा. घरात वार, भाव, वय आणि दूरध्वनी क्रमांक मराठीत सांगावेत. ‘वीस दोन’ ही पायरी हवी असेल तर मुलाने तीवरून जरूर चढावे, पण ‘बावीस’पर्यंत पोहोचावे. आणि गावासमोर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या आकड्याचे लाख-कोटींत रूपांतर मागावे. ते मागणे हा आपला हक्कच आहे.