कुतूहलाचें मोजमाप

लोकांच्या मनांत काय चाललें आहे हें जाणण्याची हौस जुनीच आहे. ती पुरविणारें साधन मात्र नवें आहे. गूगलनें 2006 सालीं ‘गूगल ट्रेंड्स’ सर्वांस खुलें केलें. एखादा शब्द लोक केव्हां व कोठें अधिक शोधतात, याचा आलेख तें विनामूल्य काढून देतें. व्यापारी व वृत्तपत्रकार त्याचा उपयोग करतातच. पण काय लिहावें हेंहि आतां कित्येक लेखक त्यावरूनच ठरवूं लागले आहेत. म्हणून या साधनाची परीक्षा करणें हें साहित्याच्या अभ्यासकाचेंहि काम ठरतें.

प्रथम त्याचा गुण सांगितला पाहिजे. मनुष्य चारचौघांत जें विचारावयास लाजतो, तें तो शोधयंत्रास निःसंकोच विचारतो. त्या अर्थानें हा आलेख पुष्कळदां तोंडी उत्तरांहून अधिक प्रामाणिक असतो.

परंतु तो नेमकें काय मोजतो? आलेखावरील 100 हा आंकडा म्हणजे शंभर माणसें नव्हेत. निवडलेल्या काळांत व प्रदेशांत एकंदर शोधांमध्यें त्या शब्दाचें प्रमाण जेव्हां सर्वांत अधिक होतें, त्या वेळेस 100 मानून बाकीचे आंकडे त्या मानानें बसविलेले असतात. येथें मिळतें तें प्रमाण, संख्या नव्हे. 23 जून 2016 रोजीं ब्रिटननें युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला. दुसऱ्या दिवशीं गूगलनें जाहीर केलें कीं, संघाविषयीं त्या देशांत सर्वाधिक विचारल्या गेलेल्या प्रश्नांत ‘युरोपीय संघ म्हणजे काय?’ हा दुसरा आहे. मतदारांनीं मत आधीं दिलें व विचार मागाहून केला, असा निष्कर्ष कित्येक वृत्तपत्रांनीं लगेच काढला! विचारणारे किती, त्यांनीं मत दिलें होतें कीं तीं शाळेंतील मुलें होतीं, याचा आलेखांत मागमूसहि नव्हता.

याहून बोधप्रद हकीकत ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ची. 2008 सालीं अमेरिकेंत सुरू झालेला हा उपक्रम शोधशब्दांवरून इन्फ्ल्युएन्झाच्या सांथीचा अंदाज बांधीत असे. 2012-13 च्या हिवाळ्यांत ऐन भरांत त्याचा अंदाज सरकारी नोंदींच्या सुमारें दुप्पट भरला. 2015 सालीं ते अंदाज प्रसिद्ध होणें थांबलें. बातम्यांनीं धास्तावलेला निरोगी माणूसहि तोच शब्द शोधतो, हें यंत्रास कसें उमगावें?

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ‘पाऊस’ हा शब्द कोणी देवनागरींत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. शब्दशः शोध घेतल्यास हें साधन दोहोंचे निराळे हिशेब ठेवतें. केवळ देवनागरीचा आलेख पाहणाऱ्यास मराठी माणसाची जिज्ञासा आहे त्याहून क्षीण भासेल.

सारांश, कुतूहलाची भरती-ओहोटी पाहण्यास हें साधन उत्तम आहे. पण शोधणें म्हणजे आवडणें नव्हे, आणि आवडणें म्हणजे पटणें नव्हे. ग्रंथकाराचें नांव त्याच्या निधनाच्या दिवशीं आलेखाच्या शिखरावर जातें. त्याचें पुस्तक कितीजणांनीं उघडलें, हें आलेख सांगत नाहीं. शिवाय लोक आज जें विचारतात तेवढेंच लिहावयाचें ठरविलें, तर जो प्रश्न अद्याप कोणास सुचलाच नाहीं तो कोणी मांडावयाचा? वाङ्मयाचें पुष्कळसें कार्य तर तेंच आहे.