मेलो, पण कसा?

दिवाळीच्या सुटीत भाचा घरी आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, तू एवढी वर्षं शिकवतोस, आता जरा शिकून दाखव," असे म्हणून त्याने मला संगणकासमोर बसवले आणि 'टीम फोर्ट्रेस २' हा खेळ सुरू करून दिला. एकमेकांना कधीही न भेटलेली चोवीसएक माणसे इंटरनेटवरून दोन गटांत हा गोळीबाराचा खेळ खेळतात. पहिल्या पंधरा मिनिटांत मी अकरा वेळा मेलो. मरण्याचे फारसे काही वाटले नाही, कारण काही सेकंदांत पुन्हा जिवंत होता येते. वाईट वाटले ते याचे, की बहुतेक वेळा आपण का मेलो हेच मला कळले नव्हते.

त्या रात्री नववीतला एक जुना विद्यार्थी आठवला. घनतेच्या उदाहरणावर लाल फुली मारून मी त्याची वही परत केली होती. कुठे चुकले ते त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने वहीच दिली नाही.

म्हणून हा खेळ मी शिक्षकाच्या नजरेने पुन्हा पाहिला. आधीच सांगतो, की मुलांनी तो खेळावा अशी ही शिफारस नाही. तो मोठ्यांसाठीचा खेळ आहे आणि त्यात हिंसा आहे, चित्रे व्यंगचित्रासारखी असली तरीही. मला तपासायचे होते ते एवढेच: अत्यंत गुंतागुंतीच्या, शिक्षक नसलेल्या या वर्गात नवख्याला कोण आणि कसे शिकवते?

चढ की पठार?

अशा खेळांबद्दल 'शिकण्याचा आलेख फार चढा आहे' असे म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे जरा थांबावे. आडव्या अक्षावर सराव आणि उभ्या अक्षावर कौशल्य घेतले, तर चढा आलेख म्हणजे थोड्या सरावात पुष्कळ प्रगती. बोलण्यात मात्र आपण डोंगराचा चढ मनात धरतो आणि अर्थ उलटा होतो. नवख्याची खरी अडचण आलेखाच्या सपाट भागात असते. तो खेळतो, मरतो, पुन्हा खेळतो आणि रेषा वर सरकत नाही.

या सपाट भागाची प्रसिद्ध नोंद १८९७ सालची आहे. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले. संदेश पाठवण्याचा वेग झपाट्याने वाढे. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग मात्र मध्येच कित्येक आठवडे एका जागी थांबे आणि मग पुन्हा वाढू लागे. त्या थांब्याला त्यांनी पठार म्हटले. त्यांच्या मते, सुटी अक्षरे ओळखणे अंगवळणी पडेपर्यंत शब्द आणि वाक्ये पकडायला लक्ष शिल्लकच राहत नाही. असे पठार प्रत्येकाला लागतेच असे नाही, हे पुढच्या संशोधनात दिसले. पण लक्ष अपुरे पडते हा मुद्दा कोणत्याही नवख्याला पटेल. मला एका हाताने चालायचे, दुसऱ्याने नेम धरायचा, नकाशा लक्षात ठेवायचा आणि समोरचा माणूस आपला की परका हे ओळखायचे होते. चौथ्या कामापर्यंत मी पोचतच नव्हतो.

पाटी न लावता शिकवणे

व्हॉल्व्ह या कंपनीने २००७ साली हा खेळ काढला तेव्हा तिने या अपुऱ्या लक्षाचा फार बारकाईने विचार केला होता. खेळात नऊ प्रकारचे गडी आहेत. कोणी चपळ पण नाजूक, कोणी धिप्पाड पण मंद. त्याच वर्षी जेसन मिचेल व सहकाऱ्यांनी या चित्रशैलीवर एक शोधनिबंध मांडला. पाहणाऱ्याने आधी काय ओळखावे आणि नंतर काय, याचा क्रम त्यांनी ठरवला होता. आधी गट: एकाचे रंग तांबूस, दुसऱ्याचे निळसर. मग गड्याचा प्रकार: प्रत्येकाची बाह्याकृती इतकी वेगळी, की नुसत्या सावलीवरून ओळखता यावी. मग हातातले शस्त्र: त्याकडे नजर जावी म्हणून छातीजवळच्या भागात रंगांचा विरोध सर्वांत जास्त. हा क्रम कोणी नवख्याला सांगत नाही. डोळ्यांना तो आपोआप समजतो. फळ्यावरच्या आकृतीत कशावर आधी नजर पडावी याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

त्याहून मोलाची सोय आहे ती मरणानंतरची. गडी मेला की दृश्य मारणाऱ्याकडे झेपावते आणि तिथेच थिजते. खेळाडू याला फ्रीझ-कॅम म्हणतात. कोणी मारले, तो कुठे उभा होता, त्याच्यात आता किती प्राण उरले आहेत, हे सगळे त्या चित्रात दिसते. मी पहिल्या दिवशी वैतागून नेमकी त्याच वेळी नजर वळवत होतो. भाचा म्हणाला, "मामा, मेल्यावर बघ. शिकायचं तेव्हाच असतं."

मग मी पाहू लागलो. एका चित्रात सुरा घेतलेला बुरखाधारी माझ्या अगदी पाठीशी होता. "हा हेर," भाच्याने सांगितले. "आपल्याच गड्याचा वेष घेऊन येतो."

"मग ओळखायचा कसा?"

"झाड त्याच्यावर गोळी!"

उत्तर उद्धट वाटले, पण ती शुद्ध प्रायोगिक पद्धत होती. नेहमीच्या सामन्यांत आपल्या गड्याला आपली गोळी लागत नाही. ज्याला लागली तो शत्रू. दुसरी कसोटी आणखी साधी आहे: आपली माणसे एकमेकांच्या आरपार जाऊ शकतात, शत्रू मात्र अडतो. शंका घ्या, पडताळा पाहा, आणि पडताळा चुकीचा ठरला तर खर्च एका गोळीचा. प्रयोग इतका स्वस्त असेल तर माणूस प्रयोग करतो. वर्गात चुकीच्या उत्तराची किंमत हशा आणि अपमान असेल, तर मुले अंदाज बांधणेच सोडून देतात.

तिसरी चांगली गोष्ट म्हणजे नवख्यालाही काम आहे. मेडिक या गड्याला अचूक नेमाची गरज नसते. त्याच्या यंत्राचा झोत सोबत्यावर एकदा धरला की चिकटून राहतो आणि सोबत्याच्या जखमा भरतात. मी मेडिक झालो तेव्हा पहिल्यांदा गटाच्या उपयोगी पडलो. शिवाय जाणत्या गड्याच्या मागे मागे फिरताना तो कोपऱ्यावर कसा थांबतो, कधी माघार घेतो हे पाहायला मिळाले. सुताराकडचा शिकाऊ पोरगा आधी फळी धरतो आणि फळी धरता धरता रंधा कसा चालतो ते पाहतो. इथेही तसेच झाले.

मग बिघडले कुठे?

इथपर्यंत कौतुक. पण पुढची वाटचाल पाहिली की शिक्षणाच्या अंगाने चिंता वाटते. सुरुवातीला प्रत्येक गड्याची शस्त्रे मोजकी होती. २००८ पासून त्यांत भर पडू लागली आणि संख्या शंभराच्या पुढे गेली. २००९ मध्ये टोप्या आल्या, २०१० मध्ये त्या विकणारे दुकान आले. ज्या बाह्याकृतीवरून गडी ओळखायचा, तिच्यावरच टोप्या, दाढ्या आणि अंगरखे चढले. हेराला तर आपले मरण खोटे दाखवणारे घड्याळही मिळाले. जुन्या खेळाडूंना ही गंमत होती, कारण त्यांना प्रत्येक बदल एकेक करून भेटला. नवख्याला मात्र दहा-पंधरा वर्षांची भर एकाच संध्याकाळी भेटते. आपल्या पाठ्यक्रमात दर आवृत्तीला एकेक प्रकरण वाढत जाते, तेव्हा जाणत्यांच्या हे असेच लक्षात येत नाही.

यावर उपाय म्हणून २०१० मध्ये प्रशिक्षणाचे पाठ जोडले गेले. पायऱ्या छोट्या होत्या, सूचना स्पष्ट होत्या. पण पाठ नऊपैकी चारच गड्यांचे होते: सोल्जर, डेमोमॅन, स्पाय आणि इंजिनिअर. नवख्याला सर्वांत आधी जमेल असा मेडिक त्यांत नव्हता. शिवाय हे पाठ नवखा एकट्याने, संगणकाने चालवलेल्या गड्यांबरोबर गिरवतो. सांघिक खेळातली अवघड गोष्ट म्हणजे सोबत्याचा अंदाज घेणे. ती तिथे शिकता येत नाही. मुख्य पुस्तक अवघड करत जायचे आणि सोबत वेगळे मार्गदर्शक छापायचे, हा मार्ग आपल्याला अनोळखी नाही.

त्या मानाने पुढे आलेली प्रशिक्षकाची सोय कल्पना म्हणून फार चांगली होती. एखादा अनुभवी खेळाडू नवख्याच्या डोळ्यांनी खेळ पाही, त्याच्याशी बोले आणि पडद्यावर खुणा करून दाखवी. माझ्या शेजारी बसून भाच्याने केले ते हेच.

जून २०११ मध्ये खेळ फुकट झाला. पुढे माणसांऐवजी आपोआप खेळणारी आणि शिवीगाळ करणारी बनावट खाती त्यात शिरली. त्यांना आवर घालण्यासाठी जून २०२० मध्ये कंपनीने नव्या आणि फुकट खात्यांच्या अधिकृत सामन्यांतल्या लिहिण्या-बोलण्यावर निर्बंध घातले. रोग खरा होता आणि काहीतरी करणे भाग होते. पण या औषधाने ज्याला सर्वांत जास्त विचारायचे आहे त्याचेच तोंड बंद झाले. शेजारी भाचा नसलेल्या नवख्याने 'मी कसा मेलो?' हे कोणाला विचारायचे? गोंधळ करणाऱ्या चौघांमुळे वर्गात प्रश्न विचारायलाच बंदी घातली तर शांतता मिळेल, पण त्या शांततेत नवा मुलगा काही शिकणार नाही.

माझे मत असे झाले आहे: नवखा हरतो म्हणून सोडून जात नाही. हार वाचता आली नाही, की जातो. २००७ चा खेळ त्याला हार वाचायला शिकवत होता. नंतरच्या खेळाने धडे वाढवले, पण वाचण्याजोगे चित्र धूसर केले.

शाळा उघडल्यावर मी एक छोटा बदल केला. उत्तर चुकले की शेवटी फुली मारायची नाही. जिथे पाऊल घसरले त्या ओळीखाली रेघ ओढायची, आणि तिथपर्यंत किती बरोबर होते तेही लिहायचे. तपासायला वेळ दीडपट लागतो, हे कबूल करतो. पण परवा एका मुलीने वही पुढे केली आणि रेघेवर बोट ठेवून विचारले, "सर, इथे मी लिटरचं घन सेंटिमीटर करायला विसरले, एवढंच ना?"

एवढेच होते.