तक्त्यातले चौकोन आणि खाडीतली ओहोटी

विज्ञान प्रदर्शनातली किंवा बालविज्ञान परिषदेतली कोणतीही प्रकल्पवही उघडावी, सुरुवातीच्या पानांत पट्ट्यांचा एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे कामांची यादी, वर आठवडे, मधे रंगीत आडव्या पट्ट्या. अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने तो ओळखला जातो. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांना १८९६ मध्येच अशी कल्पना सुचली होती. कारखान्यातले हे साधन शाळेत आले, हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती आपण ते वापरतो त्या रीतीबद्दल.

पालघर तालुक्यातलेच उदाहरण घेऊ. समजा, सातपाटीजवळच्या खाडीकाठी चिखलात कोणते शंख-शिंपले व खेकडे आढळतात, याची पाहणी एका गटाला करायची आहे. विषयनिवडीला १ आठवडा, साहित्य तयार करायला २, मच्छीमारांच्या मुलाखतींना २, मांडणी व अहवालाला २ आठवडे. आणि उधाणाच्या ओहोटीला तीन निरीक्षणे.

उधाण येते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे सुमारे १५ दिवसांनी. पाणी सर्वांत खाली उतरते तेही तेव्हाच. मधल्या अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. साहित्याला ३ दिवस उशीर झाला आणि ओहोटी हुकली, तर तक्त्यातली पट्टी ३ चौकोन सरकते. प्रकल्प मात्र १५ दिवस मागे पडतो. उलट, मुलाखती आठवडाभर लांबल्या तरी बिघडत नाही. निरीक्षणांच्या महिन्यात त्या केव्हाही उरकता येतात. तक्त्यात दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. काम किती दिवसांचे, हे वहीतला तक्ता सांगतो. कोणते काम कशावर अडले आहे, हे सांगत नाही.

ही उणीव भरून काढणारी 'निर्णायक मार्गा'ची पद्धत अमेरिकेत १९५७ च्या सुमारास पुढे आली. कामे बाणांनी जोडायची आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतला उशीर साऱ्या कामाचा उशीर ठरतो. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या चौथ्या संचाचे बांधकाम मार्च २००० मध्ये सुरू झाले व मार्च २००५ मध्ये त्यातील शृंखला प्रक्रिया प्रथम सुरू झाली. एवढे काम नुसत्या सुट्या पट्ट्या रंगवून होत नाही.

दुसरा दोष तक्त्याचा नाही, आपला आहे. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास. शाळेच्या तासांवर आखलेला तक्ता इथेच कोलमडतो. गटात कोळीवाड्यातले मूल असेल, तर तिथीवरून ओहोटीची वेळ ते सहज सांगेल. पण तक्ता काढायला आपण सुबक अक्षराच्या मुलालाच बसवतो. ज्याला वेळेचे खरे ज्ञान आहे, तो नियोजनाच्या बाहेर राहतो. 'गटाचा प्रकल्प' म्हणायचे ते मग कशाला?

तिसरा दोष सर्वांत गंभीर. पुष्कळदा हा तक्ता प्रकल्प संपल्यावर काढला जातो! प्रत्येक काम ठरल्या दिवशी सुरू, ठरल्या दिवशी संपन्न. निरीक्षणे मनाने भरू नयेत, असे आपण मुलांना बजावतो आणि वेळेची निरीक्षणे मात्र मनाने भरू देतो.

उपाय साधा आहे. पहिल्या दिवशी ओहोटीच्या तिथी आधी मांडाव्यात, मग त्यांच्याभोवती पेन्सिलीने पट्ट्या आखाव्यात. एकमेकांवर अवलंबून असलेली कामे बाणांनी जोडावीत. प्रत्येक पट्टीखाली, काम प्रत्यक्षात झाले तशी, शाईची दुसरी पट्टी ओढावी आणि दोन्हींतल्या फरकाचे कारण एका ओळीत लिहावे. ओहोटीला मुलांसोबत शिक्षकाने असावे आणि पाणी फिरण्याआधी सर्वांनी काठावर यावे.

परीक्षकांनीही नीटनेटक्या तक्त्यापेक्षा अशा खाडाखोडीच्या तक्त्याला अधिक गुण द्यावेत. पेन्सिल आणि शाई यांमधले अंतर ही मुलांची चूक नसते. ते त्यांनी केलेले एक मोजमाप असते.