फझ-पेटीचा रसविचार

साहित्यविषयक त्रैमासिकात विजेच्या गिटारीच्या एका उपकरणाची समीक्षा यावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नाद हाही अभिव्यक्तीचाच प्रांत आहे. वाशिम जिल्ह्यातील एका तरुण वादकाने जुन्या धर्तीची, हाताने जुळविलेली ‘फझ’ पेटी आम्हांस ऐकविली. तिच्या निमित्ताने जे प्रश्न मनात उभे राहिले, ते येथे मांडीत आहोत.

पायाने दाबावयाच्या या पेटीचे काम सोपे आहे. तारेच्या कंपनातून निघालेली विजेची लहर ती इतकी फुगविते की लहरीचे माथे छाटले जातात. गोलाई जाऊन लहर चौकोनी होते, मूळ सुराभोवती उपस्वरांची दाटी होते आणि सूर खरखरीत, दीर्घ व आक्रमक होतो. या नादाचा जन्म एका बिघाडात आहे. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 1961 साली प्रसिद्ध झालेल्या गीतात ध्वनिमुद्रणयंत्र बिघडल्यामुळे ग्रेडी मार्टिनचे वादन घरघरत उमटले, आणि ते तसेच ठेवण्यात आले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड पेटीत बांधला. ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावाने ती 1962 मध्ये बाजारात आली.

बिघाडाला कला म्हणावे काय? आनंदवर्धनाने या प्रश्नाचे उत्तर नवव्या शतकातच देऊन ठेवले आहे. श्रुतिदुष्टत्व, म्हणजे कानाला टोचणारी वर्णरचना, हा शृंगारात दोष होय. पण रौद्रात तो दोष उरत नाही. असे दोष त्याने अनित्य मानले. फझचा कर्कशपणा याच जातीचा आहे. संतापाच्या, विद्रोहाच्या गीतात तो शोभतो; अंगाईत तो सहन होणार नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने याच नगरीत लाविला आहे. वैदर्भी रीतीच्या या भूमीत प्रसाद आणि माधुर्य यांना मान असणे स्वाभाविकच. परंतु ओज हाही काव्याचा गुणच आहे, हे विसरून चालणार नाही.

शिवाय खरखर आपल्या कानाला परकी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतात, ती तरी दुसरे काय आहे? तेथेही मूळ सुरातून उपस्वर जागे केले जातात. फझमध्ये पुष्कळ स्वर एकदम छेडले तर चिखल होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र ठसठशीत उमटते. तंबोऱ्याचीही आवडती जोडी हीच. भेद एवढाच, की जवारी सुराला तेज देते आणि फझ त्याला धार लाविते.

येथवर आम्ही या पेटीच्या बाजूचे आहोत. आमचा आक्षेप आहे तो ‘जुन्या धर्तीची’ या विशेषणाला. लंडनमध्ये 1966 साली निघालेल्या ‘फझ फेस’ची हुबेहूब नक्कल करण्याची आमच्या तरुण मित्राची प्रतिज्ञा होती. दोन ट्रान्झिस्टर, मोजके रोधक व धारक. सर्व मापे त्याने जुन्या नकाशाबरहुकूम ठेविली. सकाळी पेटी छान बोलली. दुपारी मात्र तिचा आवाज तुटू लागला. कारण जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेने चळतो. त्यातून गळणारा प्रवाह वाढला की सारा मेळ बिघडतो. लंडनच्या हवेत बसविलेले माप वऱ्हाडच्या वैशाखात कसे टिकावे? एक रोधक कानाने पारखून बदलावा, असे आम्ही सुचविले. “मग ती अस्सल राहणार नाही,” असे उत्तर मिळाले.

या उत्तराशी आमचे भांडण आहे. पहिली फझ-पेटी विकली गेली तीच मुळी गिटारीतून पितळी वाद्यांचा आभास निर्माण करण्याच्या आश्वासनावर. ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्सनेही 1965 च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या प्रसिद्ध गीतातील फझची ओळ पितळी वाद्यांसाठी कच्चा आराखडा म्हणूनच वाजविली होती. ती तशीच राहिली, आणि फझला स्वतःचा आवाज लाभला. अनुकरण सुटले तेव्हाच हे उपकरण वाद्य झाले. त्याच उपकरणाने आता स्वतःच्याच तारुण्याची नक्कल करीत बसावे, यात आम्हांस अस्सलपणा दिसत नाही.

मिरजेचा कारागीर आजोबांच्या तंबोऱ्याची जवारी मोजून उतरवीत नाही. गायकाचा स्वर ऐकून तो ती लावतो. परंपरा हाताने चालते, पण निर्णय कानाचा असतो. हाताने केलेल्या वस्तूचे मोलही यातच आहे. यंत्र एकच माप हजारदा काढील. माणसाने मात्र समोरचा वादक, त्याची गिटार आणि गावचे ऊन पाहून माप ठरवावे. आमच्या तरुण मित्राच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. त्याने नकाशा बाजूला ठेवून आपल्या कानावर विश्वास टाकावा. मग त्याची पेटी लंडनची न राहता वाशिमची होईल, आणि आमच्या मते तेव्हाच ती अस्सल ठरेल.