सही एकाची, किंमत दुसऱ्याची

‘केपॉप डीमन हंटर्स’ची गाणी २०२५ साली लहान मुलांच्या तोंडी बसली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाणी झकास आहेत. चीड आली ती त्यातल्या जिनूच्या कराराची. चारशे वर्षांपूर्वीचा हा कंगाल वादक. घरात आई, बहीण आणि उपासमार. ग्वि-मा नावाचा असुरांचा राजा त्याला गळा देतो, त्या गळ्याच्या जोरावर जिनू राजवाड्यात शिरतो आणि आई-बहिणीला बाहेरच टाकून देतो. पुढे शतकानुशतके तो त्या लाजेत कुढत राहतो. इतका, की ती आठवण पुसून मिळावी म्हणून त्याच मालकाशी दुसरा करार करतो. ही दुसऱ्या कराराची कल्पना खरोखर चांगली आहे. जुने कर्ज फेडायला त्याच दारात नवे कर्ज काढणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. पण सिनेमाला त्यात रस नाही, त्याला रस आहे तो जिनूच्या लाजेत. राजवाड्यात ताट वाढलेले होते आणि दाराबाहेर चूल थंड होती, हे कोणाच्या हुकमाने, हा प्रश्न एकाही पात्राला पडत नाही. शेवटी जिनू आपला आत्मा नायिकेला देऊन टाकतो आणि प्रेक्षक डोळे पुसतात. म्हणजे उपाशी माणसाने सही केली हा त्याचा दोष, आणि ती मरून फेडली हा त्याचा मोठेपणा! सावकाराला याहून सोयीची नीतिकथा कोणी लिहून दिली नसती.

सैतानाशी करार हा प्रकार सध्या तेजीत आहे. सिनेमा, मांगा, अॅनिमे, व्हिडिओ गेम, सगळीकडे कोणी ना कोणी रक्ताने सही करतो आहे. त्यात सर्वांत लाडका झालेला नायक म्हणजे कलमांत फट शोधणारा हुशार माणूस. ‘मेल्यावर आत्मा तुझा’ असे लिहून द्यायचे आणि मग मरायचेच नाही. ‘तीन इच्छा’ मिळाल्या की तिसरीत आणखी तीन मागायच्या. सैतान हात चोळत बसतो आणि वाचक खूश होतो, कारण त्याची खात्री पटते की त्या जागी आपण असतो तर आपणही सुटलो असतो. कागद नीट वाचला की माणूस फसत नाही, ही सुशिक्षित मध्यमवर्गाची जुनी समजूत आहे. बँकेच्या अर्जावर वीस ठिकाणी सह्या करताना आपण त्यातले एकही पान वाचत नाही, तरी ती टिकून आहे.

या कथांचा मला कंटाळा आहेच, त्याहून जास्त संशय आहे. कोणतीही पळवाट घ्या आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे ते बघा. स्वित्झर्लंडमध्ये शोलेनेनच्या घळीवर सैतानाने पूल बांधून दिला, अशी उरी प्रांतातली दंतकथा आहे. अट एकच: पूल पहिल्यांदा ओलांडेल त्याचा जीव सैतानाचा. लोकांनी एक बोकड पुढे हाकलला. कथा आजही गावाच्या चातुर्याची म्हणून सांगतात. ठीक आहे, बोकडच तो. पण स्टीव्हन्सनच्या ‘द बॉटल इंप’मध्ये (१८९१) बोकडाच्या जागी माणूस येतो. बाटलीतला सैतान हवे ते देतो. फक्त ती मरण्याआधी विकून टाकायची, आणि तीही घेतली त्याहून कमी किमतीला. केआवे आणि त्याची बायको कोकुआ एका सेंटपर्यंत येऊन अडकतात. मग त्यांना कळते की ताहितीत फ्रेंच चलन चालते आणि सेंटाहून लहान नाणे तिथे मिळते. वाचक ‘वा!’ म्हणतो. पण शेवटी ती बाटली कोणाच्या हातात राहते? एका दारुड्या, जन्मभर ठोकरा खाल्लेल्या खलाशाच्या. तो म्हणतो, मी तसाही नरकातच जाणार आहे. नवरा-बायको सुटतात, कथा सुखान्त होते. स्टीव्हन्सनची ही कथा मला फार आवडते, आणि तिच्या सुखान्ताने दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. जोखीम उतरत उतरत ज्याला नाही म्हणायला काही उरलेले नाही त्याच्यापाशी जाऊन थांबते, हे त्याने स्वच्छ दाखवले आहे. फक्त त्याचा नायक मागे वळून बघत नाही.

गटेचा फाउस्ट तरी कुठे बघतो? त्याच्या पैजेची किंमत त्याची प्रेयसी ग्रेटशेन मोजते, तिची आई, तिचा भाऊ आणि तिचे मूल मोजते. दुसऱ्या भागात घरासकट खाक झालेले फिलेमोन आणि बाउकिस हे म्हातारे जोडपे मोजते. फाउस्टला मात्र देवदूत उचलून नेतात, कारण तो सतत धडपडत होता म्हणे. त्यापेक्षा मार्लोचा फाउस्टस परवडला. चोवीस वर्षे घेतली, चोवीस वर्षे संपली, सैतान आला, विषय संपला.

स्टीफन व्हिन्सेंट बेने याच्या कथेतल्या डॅनियल वेब्स्टरला अमेरिकन वाचकांनी डोक्यावर घेतले आहे. सैतानाविरुद्धच्या खटल्यात या वकिलाचा युक्तिवाद असा, की अमेरिकन नागरिकाला परक्या राजाची चाकरी करायला लावता येणार नाही. सैतान उलटून विचारतो की मी परका कसा? मूळ रहिवाशांवर पहिला अन्याय झाला तेव्हा मी तिथे होतो, गुलाम आणायला निघालेल्या पहिल्या जहाजाच्या डेकवर मी उभा होतो. संपूर्ण कथेत याच्याइतके खरे कोणी बोलत नाही. पुढे वेब्स्टर भावनेला हात घालून ज्युरीला जिंकतो, सैतानाला आत्मा लिहून दिलेला त्याचा अशील जेबेझ स्टोन सुटतो. खऱ्या वेब्स्टरने १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवणाऱ्या कायद्याची पाठराखण केली, हे लक्षात ठेवून ती कथा वाचावी. वकील चांगला होता. अशील कोण निवडायचा तेही त्याला कळत होते.

बाकीचे चटकन उरकतो. ‘ब्लॅक बटलर’ने सैतानाला इतका देखणा नोकर केला की करार हा पोशाखाचा भाग झाला. ‘हॅझबिन हॉटेल’ने एंजल डस्टच्या करारात शोषणाचा विषय उघडला खरा, पण गाणे संपले की तो विषय ताटकळत बसतो. ‘बाल्डर्स गेट ३’मधली कार्लाख मात्र लक्षात राहते: तिने कुठेही सही केलेली नाही, तिच्या मालकाने तिला परस्पर नरकात विकले आहे. ‘तुंबाड’मध्ये करार नाही, चोरी आहे, पण तिथेही पोराला सुचलेली युक्ती, म्हणजे एका ऐवजी अनेक पिठाच्या बाहुल्या नेण्याची, हस्तर नावाचे अनेक राक्षस जागे करते. हुशारीला एवढे सडेतोड उत्तर हिंदी पडद्यावर क्वचितच मिळाले असेल.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. तात्सुकी फुजिमोतोचा ‘चेनसॉ मॅन’ २०१८च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा तो रक्तपाताचा आणखी एक मांगा म्हणून बाजूला टाकणारे बरेच होते. रक्तपात आहेच, भरपूर आहे. पण सैतानी करार म्हणजे काय, हे आजच्या घडीला या माणसाइतके कोणाला कळलेले मला दिसत नाही. सुरुवात कशी होते बघा. डेन्जी नावाचा पोरगा. बाप मेला, कर्ज मागे ठेवून; कर्ज याकुझा टोळीचे. पोराने एक डोळा विकला, एक मूत्रपिंड विकले, एक अंडकोशही विकला, तरी तीन कोटी ऐंशी लाख येनांच्या आसपास रक्कम उरलेली आहे. यात अजून सैतान आलेला नाही! अवयवांचा बाजार माणसांनीच मांडला आहे, तोही हिशेब ठेवून. सैतान नंतर येतो, तोही जखमी कुत्र्याएवढा, पोचिता. पोरगा त्याला म्हणतो, माझे रक्त पी, तू मला वाचव, मी तुला वाचवतो. पुढे टोळीवाले डेन्जीचे तुकडे करून कचऱ्यात टाकतात, तेव्हा पोचिता आपले हृदय त्याला देतो. बदल्यात त्याला एकच हवे असते: तुझे स्वप्न मला दाखव. डेन्जीची स्वप्ने कोणती? पावाला जॅम लावून खाणे. संपूर्ण मालिकेत बरोबरीच्या दोघांमध्ये झालेले करार म्हणजे हेच. दोघांकडेही काही नव्हते, म्हणून ते जमले.

मग माकिमा येते. सरकारी अधिकारी, शांत आवाज, स्वच्छ शर्ट. ती डेन्जीला सैतान मारायची नोकरी देते, पोटभर जेवू घालते, आणि सांगते की नोकरी सोडलीस किंवा हुकूम मोडलास तर तुला सैतान म्हणून मारून टाकण्यात येईल. या करारात फट शोधून दाखवा. बारीक अक्षरात काही लपवलेले नाही, सगळे तोंडावर सांगितलेले आहे. उपाशी पोराला ते सांगितले काय आणि न सांगितले काय, फरक काय पडतो? तो जॅम-पाव बघतो आहे. सत्तेचा सगळा खेळ फुजिमोतो या एका न्याहारीत उभा करतो. कागदात काय लिहिले आहे यापेक्षा टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण बसले आहे, हे बघायला लावतो.

त्याच्या नंतरच्या करारांत हा हिशेब आणखी थंड होत जातो. सरकारी शिकारी आपापल्या शरीराचे भाग मोजून देतात: हिमेनोचा डोळा, आकीच्या आयुष्याची वर्षे. पगारी नोकरांच्या रजांचा हिशेब जितक्या कोरडेपणाने होतो तितक्याच कोरडेपणाने ही वर्षे वजा होतात. आणि मग कळते की माकिमाचा करार जपानच्या पंतप्रधानाशी आहे. तिच्यावर झालेला प्रत्येक घाव कोणा एका जपानी नागरिकाला आजार किंवा अपघात म्हणून बसतो. अमेरिकेचा अध्यक्षही मागे नाही. माकिमाला मारण्यासाठी तो गन डेव्हिलला आपल्या सर्व नागरिकांच्या आयुष्याचे एकेक वर्ष देऊन मोकळा होतो. गावात स्वयंपाक करणारी बाई, बसची वाट पाहणारा मुलगा, यांच्या आयुष्यातले एक वर्ष गेले. कारण त्यांना न विचारता, त्यांच्या नावाने, एका कार्यालयात सही झाली. शोलेनेनचा बोकड इथे अख्खा देश झाला आहे. सैतानी करारावरची टीका याहून पुढे कोणी नेली आहे?

कोणी म्हणेल, अहो, पण शेवटी डेन्जीही पळवाटच काढतो. हो, काढतो. माकिमावर हल्ला केला तर मरणार दुसराच कोणी, म्हणून तो तिला शिजवून खातो. हल्ला म्हणून नव्हे, प्रेम म्हणून. अंगावर काटा येतो आणि हसूही येते. पण ही एकच पळवाट मी मान्य करतो, कारण तिचा भार कोणा तिसऱ्यावर पडत नाही. सगळे पुढे डेन्जीलाच पचवायचे आहे, अक्षरशः.

‘मादोका माजिका’ (२०११) ही अॅनिमे मालिका याच रांगेतली. लेखक गेन उरोबुची, सैतान म्हणजे क्यूबे नावाचा गोंडस पांढरा प्राणी. तो शाळकरी मुलींना एक इच्छा देतो आणि बदल्यात त्यांचा आत्मा काढून एका रत्नात ठेवतो. रत्न शंभर मीटरांपलीकडे गेले की शरीर कोसळते. मुली जाब विचारतात तेव्हा तो खोटे बोलत नाही. तुम्ही विचारले नाही, एवढेच त्याचे म्हणणे. चौदा वर्षांच्या मुलीने काय विचारायला हवे होते, हे तिला कोण सांगणार होते? कागद नीट वाचा म्हणणाऱ्यांची इथे बोलती बंद व्हायला हवी. मादोका शेवटी कलमात फट शोधत बसत नाही. या करारात अडकलेल्या, मागच्या आणि पुढच्या, सगळ्या मुलींचा शेवट बदलेल अशी इच्छा ती मागते. नियमच बदलून घेते.

आणि आपण? आपला असुराशी झालेला सर्वांत मोठा करार तीन पावले जमिनीचा. वामनाने मागितली, बळीने दिली. पाऊल किती मोठे, याचा उल्लेख अटीत नव्हता. फट ती, आणि ती वापरली देवाने. गुरु शुक्राचार्याला ती दिसली होती. तो झारीच्या तोंडात जाऊन बसला आणि डोळा गमावून बाहेर आला. कराराचा मसुदा नीट वाचणाऱ्या त्या एकमेव माणसाचे नाव आपण आजही शिवीसारखे वापरतो! शब्द पाळला तो असुराने. महात्मा फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ही कथा बळीच्या बाजूने वाचली आणि वामनाच्या चातुर्याला कपट म्हटले. त्याच्याही कितीतरी आधीपासून बलिप्रतिपदेला घरोघरच्या बाया ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणत आल्या आहेत. फसवल्या गेलेल्याच्या बाजूने करार वाचायची रीत आपल्याकडे इतकी जुनी असताना आपण टाळ्या मात्र फट शोधणाऱ्याला देतो, हे मला समजत नाही.

‘गुलामगिरी’नंतर दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी खते आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. निरक्षर म्हणून ज्यांच्या अंगठ्याची थट्टा होत असे, त्यांना नेमके कळले होते की सैतान माणसात नसून कागदात आहे. १८७९ साली दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार पहिल्यापासून तपासायची सोय त्याने न्यायालयांना दिली. मग सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे पळवाट काढली. ती काढायला वकील लागतो, वेळ लागतो आणि पोट भरलेले असावे लागते. ज्याच्याकडे हे तिन्ही असते त्याला सैतानाच्या दारात जावेच लागत नाही.

म्हणून माझा निकाल साधा आहे. सैतानी कराराची जी कथा ‘तो सुटला कसा’ एवढेच विचारते, ती सावकाराच्या बाजूची कथा आहे, मग तिचा नायक कितीही गरीब असो. जी कथा ‘त्याला सही का करावी लागली’ आणि ‘फेडले कोणी’ हे विचारते, तीच वाचण्याजोगी. आज अशा कथा जपानी लेखक-चित्रकार लिहीत आहेत आणि आपण त्या उपशीर्षकांसह बघतो आहोत.

मराठीत भय लिहिणाऱ्यांना नारायण धारपांपासून आजवर सामग्रीची वाण कधी पडली नाही. मुंजे आहेत, वेताळ आहे, वाडे आहेत. त्यांना एकच विनंती: एखाद्या कथेत तुमच्या त्या अमानवी शक्तीला सुप्याच्या बाजारात आणून बसवा, समोर वही द्या, आणि रांगेत उभ्या असलेल्या कुणब्याच्या बाजूने लिहा. अशी कथा आली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन. सैतानाला कलमात अडकवणारी आणखी एक हुशार कथा मात्र कृपा करून परीक्षणासाठी पाठवू नका.